सात रंगांची वाकळ आणि एकोणतीस शेड

सगळ्यात जास्त वेळ हिरव्याने खाल्ला. तांबडा, नारिंगी, पिवळा हे घरी बसूनच जवळपास ठरले. निळ्याने थोडं दमवलं. जांभळा तर ब्लाउज शिवणाऱ्या ताईंच्या कतरणीतच सापडला. हिरव्यासाठी मात्र कोल्हापुरात महाद्वार रोड, राजारामपुरी, परत महाद्वार रोड अशी पायपीट झाली. त्यामागे साधं गणित होतं. ते आधी सांगते, म्हणजे पुढचा सगळा खटाटोप कशासाठी ते कळेल.

पुतणीला इंद्रधनुष्याची वाकळ, म्हणजे गोधडी, हवी होती. एका माणसाच्या पांघरुणाचं माप धरलं, साठ इंच बाय नव्वद इंच. शिवून झाल्यावर पाच इंच भरणारे चौकोन घेतले तर आडवे १२, उभे १८, एकूण २१६. सरळ आडवे पट्टे लावले असते तर प्रत्येक रंगाला सारखं कापड आणि डोक्याला ताप नाही. पण तशी वाकळ झेंड्यासारखी दिसते, मला ती नको होती. रंग एका कोपऱ्यातून निघून तिरपे उतरत समोरच्या कोपऱ्यात जायला हवे होते. मुलाची चौकटीची वही घेतली, रंगीत पेन्सिली घेतल्या आणि मांडून बघितलं. १२ बाय १८ मध्ये तिरप्या ओळी होतात २९. पहिल्या ओळीत एकच चौकोन, दुसरीत दोन, असं वाढत वाढत बाराव्या ओळीत बारा. अठराव्या ओळीपर्यंत बाराच राहतात, मग एकेक कमी होत शेवटच्या कोपऱ्यात पुन्हा एक.

प्रत्येक तिरप्या ओळीला स्वतःची शेड द्यायची असं ठरवलं. आता तानापिहिनिपाजा या क्रमाने रंग भरत गेलं की हिरवा बरोबर मध्ये येतो, जिथे ओळी सगळ्यात लांब आहेत तिथे. माझ्या मांडणीत तांबड्याच्या पाच ओळींत मिळून १५ चौकोन आणि हिरव्याच्या सहा ओळींत ७२. म्हणजे नाव इंद्रधनुष्याचं, पण एक तृतीयांश वाकळ हिरवीच! जांभळ्याच्या वाट्याला तीन ओळी आणि सहा चौकोन. हिरवा बिघडला तर वाकळ बिघडणार, जांभळा थोडा इकडेतिकडे झाला तरी कुणाच्या बापाला कळणार नाही, हे वहीच्या पानावरच दिसलं.

सासूबाईंचा आक्षेप वेगळाच होता. वाकळ ही जुन्या लुगड्यांची, धोतरांची, फाटक्या चादरींची करायची. दुकानात जाऊन नवं कोरं कापड आणायचं, ते फाडायचं आणि परत जोडायचं, हे त्यांना काही पटेना. "पैसं वर आल्यात व्हय? नव्या कापडाची वाकळ कोण करतंय? टोचंल पोरीला." टोचण्याबद्दल त्यांचं बरोबरच होतं. वाकळेची ऊब आणि मऊपणा येतो तो धुऊन धुऊन विरलेल्या सुती कापडाच्या थरांतूनच. तेव्हा वरची बाजू माझी आणि आतले थर त्यांचे, अशी वाटणी झाली. त्यांनी ट्रंक उघडून जुन्या सुती साड्या काढायला घेतल्या, आणि त्यातली एक साडी पुढे माझ्या हिरव्याला उपयोगी पडली. ते येईलच.

आता कापड कुठून आणायचं? कापडबाजाराचं गांधीनगर इथून जवळ, माल भरपूर, भाव चांगला. पण तो ठोक बाजार. तिथे तागे बघायचे, ३५ सेंटीमीटरची मागणी घेऊन जायचं नाही. आणि मला तर तेवढंच हवं होतं. शिलाईसकट चौकोन कापायचा साडेपाच इंचांचा. ३६ इंच पन्ह्यात ते एका ओळीत सहा बसतात. बारा चौकोनांना दोन ओळी, म्हणजे अकरा इंच. पाव मीटर घेतलं तर ते दहा इंचही भरत नाही, आणि सुती कापड पहिल्या पाण्यात थोडं आटतंच. म्हणून लांब ओळींच्या शेडना ३५ सेंटीमीटर, छोट्या ओळींना २० आणि कोपऱ्यातल्या एकदोन चौकोनांसाठी कतरण.

एवढ्या शेड आणि एवढं थोडं थोडं कापड मिळायची जागा म्हणजे मॅचिंग सेंटर. गोधड्या करणाऱ्यांनी या दुकानांची पूजा करावी असं माझं मत आहे. भिंतभर खण, त्यात टू बाय टूचे आणि पॉपलीनचे गठ्ठे, बाजूला फॉलच्या लडी, आणि काउंटरमागे एक माणूस, ज्याला साडीचा पदर नुसता दाखवला की हात न चुकता त्याच खणात जातो. त्याने सवयीने हात पुढे केला.

"वैनी, साडी द्या की."

"साडी नाही."

"मग मॅचिंग कशाला करायचं?"

"एकमेकांना."

तो क्षणभर थांबला, माझी वही उलटीसुलटी करून बघितली आणि मग त्याला जे स्फुरण चढलं ते विचारू नका. गर्दीची वेळ होती, अंबाबाईचं दर्शन करून आलेल्या बायका साड्या घेऊन मागे उभ्या, आणि हा माझ्यासाठी काउंटरवर डाळिंबीपासून गठ्ठे मांडतोय. त्याची रंगांची नावं माझ्या सातांपेक्षा कितीतरी बारीक. तांबड्यात डाळिंबी, कुंकू, टोमॅटो. मग शेंदरी, केशरी. पिवळ्यात आंबा, हळदी, लिंबू. निळ्याकडे जाताना रामा, मोरपंखी, फिरोजी, आकाशी, रॉयल ब्लू, नेव्ही. इंद्रधनुष्य जमतं की नाही ते सात मुख्य रंगांवर ठरतच नाही. ते दोन रंगांच्या मधल्या शेडवर ठरतं. शेंदरी नसेल तर तांबडा आणि नारिंगी नुसते शेजारी उभे राहतात. रामा आणि मोरपंखी काढून टाका, हिरवा संपतो आणि निळा सुरू होतो, मध्ये भिंत. ते दोन ठेवा, मग हिरवा कुठे संपला ते बोट ठेवून सांगता येत नाही. माझी सगळी खरेदी त्यानंतर या मधल्यांचीच होती.

दुकानातल्या उजेडावर विश्वास ठेवू नये, हे साडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत असतं. पण साडीत एक रंग फसतो, इथे क्रम फसतो. ट्यूबलाइटखाली मोरपंखी आणि रामा मला अगदी पाठोपाठचे वाटले. दुकानाच्या पायरीवर नेले तर रामा चांगलाच हिरवा निघाला आणि मोरपंखी निळ्याच्या घरात गेला. दोन कापडं एका दिव्याखाली सारखी आणि दुसऱ्याखाली वेगळी दिसू शकतात, कारण रंगवताना वापरलेले रंग वेगळे असतात आणि प्रत्येक दिव्याच्या उजेडातलं मिश्रणही वेगळं असतं. काउंटरमागच्या त्या माणसाला हे सांगायची गरज पडली नाही. "चला उन्हात," म्हणत तो स्वतःच गठ्ठे काखेत मारून बाहेर यायचा. महाद्वार रोडवरच्या गर्दीत, रिक्षा आणि फुलवाल्यांच्या मध्ये, आम्ही दोघं हातभर कापडं धरून उभे. सकाळी अकराच्या आसपासचं ऊन मला सगळ्यात सोयीचं वाटलं. संध्याकाळच्या उन्हात सगळंच केशरीकडे झुकतं.

आणखी एक गोष्ट तिथेच पाळली. चकाकणारं काही घ्यायचं नाही. साटीन, क्रेप किंवा टेरिकॉटमधला तोच हिरवा सुतीशेजारी ठेवला की चमकेमुळे पुढे येतो आणि ओळ मोडते. शंका आली की कडेचा एक धागा ओढून घ्यायचा आणि घरी येऊन काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो. एका छान आकाशी कापडाचा असा मणी झाला. ते बाजूला ठेवलं, त्याची पिशवी शिवीन.

पहिल्या खरेदीनंतर हिरव्याच्या सहा ओळी अशा होत्या: लिंबाकडे झुकलेला पोपटी, नेहमीचा पोपटी, मेंदी, बॉटल ग्रीन, एक गडद पानाचा आणि रामा. अंथरून बघितलं. सुटे बघावेत तर एकेक देखणा, पण सगळे मिळून काहीतरी खटकत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं. आमच्या मंगळवार पेठेत चित्रकलेचे निवृत्त सर राहतात. कोल्हापुरात गल्लीगल्लीत एखादे चित्रकलेचे सर असतातच, कलापूर म्हणतात ते उगाच नाही. त्यांना बोलावलं. सर खुर्चीवर चढले (वय बघता मी खुर्ची धरून उभी) आणि वरून डोळे किलकिले करून बघत म्हणाले, "रंग बघू नकोस, उजेड-अंधार बघ. मध्ये खड्डा पडलाय."

डोळे बारीक केले की रंग पुसट होतात आणि फिकं-गडद तेवढं उरतं. तेच फोनवर करता येतं: फोटो काढायचा आणि काळापांढरा करायचा. केला. तांबड्याकडून पिवळ्याकडे उजळत गेलेली वाकळ, पिवळ्यानंतर लगेच बॉटल ग्रीनच्या पट्ट्यात काळीकुट्ट, आणि पलीकडे फिरोजीत पुन्हा उजळ. तोच सरांचा खड्डा. सातांत पिवळा सगळ्यात उजळ आणि जांभळा सगळ्यात गडद, हे त्या रंगांच्या स्वभावातच आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा उजेड, म्हणजे पोपटीच्या मुलखातला, सगळ्यात प्रखर भासतो. म्हणून तिरप्या वाकळेत उजेड पिवळ्या-पोपटीपाशी माथ्यावर यायला हवा आणि तिथून एकेक पायरी उतरत नेव्हीपर्यंत जायला हवा. मध्येच बॉटल ग्रीन आला की पायरी तुटते. माझा आवडता रंग तो. चरफडत काढला. गडद पानाचाही त्याच कारणाने गेला. मेंदीही गेली, कारण तिच्यात तपकिरी मिसळलेला असतो आणि स्वच्छ रंगांच्या रांगेत ती मळकी दिसते. एकटी असती तर फार गोड रंग आहे.

आता हव्या होत्या पोपटी आणि रामा यांच्या मधल्या तीन शेड, ज्या गडद नाहीत, मळक्याही नाहीत आणि फ्लुरोसंटही नाहीत. आणि ती तर दुष्काळाचीच जागा निघाली. बाजारात एक तर पोपटी मिळतो किंवा बॉटल ग्रीन. ब्लाउजला लोक तेच मागतात, दुकानदार तेच ठेवतो. राजारामपुरीत एक कैरीच्या सालीचा हिरवा मिळाला. दुसरा, तिरंग्यातला हिरवा, पॉपलीनमध्ये. आणि तिसरा सासूबाईंच्या त्या ट्रंकेत होता: त्यांच्या सासूबाईंची इरकली, अंगभर साधी हिरवी, धुण्याने एक शेड उतरलेली. काठ केव्हाच कुठे तरी लागले होते, उरलं होतं ते मधलं कापड. नव्याने विकत घेऊन हा उतरलेला हिरवा मिळालाच नसता. सासूबाईंनी तो काढून देताना एकच वाक्य ऐकवलं, "जुनंच लागलं न्हवं शेवटी?" मी मान डोलावली. इरकली विरली होती, तेव्हा तिच्या चौकोनांना मागून मलमलचं अस्तर लावून घेतलं, नाहीतर शेजारच्या पॉपलीनच्या ताणाने ती फाटली असती.

पारव्याबद्दल थोडं. शाळेत सहावा रंग म्हणून तो पाठ असतो, पण दुकानात पारवा मागितला तर समोर करडं-निळसर काहीतरी येतं, कबुतराच्या पाठीसारखं. सरांनी यावर न्यूटनची गोष्ट सांगितली. न्यूटनने पहिल्यांदा पाचच मुख्य रंग धरले होते, नारिंगी आणि पारवा नंतर घातले, सुरांच्या सात पायऱ्यांशी मेळ बसावा म्हणून. मूळ पट्ट्यात रंगांच्या सीमा नसतातच, सात हा आपला हिशेब. मला ते ऐकून बरंच हलकं वाटलं. नीळ घातलेल्या बादलीतला गडद निळा, नेव्ही आणि जांभळ्याकडे झुकलेला नेव्ही अशा तीन शेड घेऊन पारव्याचा प्रश्न मिटवला.

पुतणीचा प्रश्न मात्र एवढ्याने मिटणारा नव्हता. रविवारी ती आली, मांडणी बघितली, आणि पहिला प्रश्न: "काकू, गुलाबी कुठंय?"

"इंद्रधनुष्यात गुलाबी नसतो गं."

"असतो. माझ्या पाटीवर आहे."

खरं तर तिचं म्हणणं आणि माझं, दोन्ही ठीक होतं. राणी रंग उजेडाच्या पट्ट्यात कुठेच सापडत नाही, त्याची स्वतःची अशी तरंगलांबी नाही. एका टोकाचा तांबडा आणि दुसऱ्या टोकाचा निळा-जांभळा एकत्र डोळ्यात शिरले की डोळा जो रंग दाखवतो तो राणी. आकाशातल्या कमानीत ती दोन टोकं कधी भेटत नाहीत. पण वाकळेत भेटू शकतात! वाकळेला चारी बाजूंनी गोट लागतोच, आणि तो तांबड्या कोपऱ्यालाही शिवतो, जांभळ्यालाही. गोटासाठी मी करडा काढून ठेवला होता. सरांचं मत काळ्याचं होतं, काळ्याशेजारी रंग पेटतात म्हणून. पण लेकराच्या पांघरुणाला काळा गोट म्हटल्यावर सासूबाईंनी जे बघितलं त्यानंतर तो विषय सरांनीही काढला नाही. करड्याच्या जागी राणी ठेवून बघितला. तांबड्या कोपऱ्यातून तो जांभळ्याच्या बाजूचा वाटतो आणि जांभळ्या कोपऱ्यातून तांबड्याच्या. फक्त पोपटीच्या शेजारी तो फार ओरडतो, म्हणून गोट दोन इंचांऐवजी पाऊण इंचाचा ठेवला. पुतणी खूश, दोन इंची हवा होता अशी कुरबूर सोडली तर.

मागची बाजू माहेरहून आली. माहेर इचलकरंजी, जिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला आणि मग गावच मागावर चढलं. आमच्या घरातही दोन पिढ्या खटखट होती. त्यामुळे कापड घ्यायचं तर आईला विचारल्याशिवाय नाही. तिने दुकानात कापड उजेडाकडे धरून धागा कुठे विरळ आहे का ते बघितलं, मग दोन अंगठ्यांत धरून चुरचुर चोळलं. पांढरी भुकटी पडली. "खळ आहे सगळी. धुतल्यावर चिंधी होईल." दुसरं चोळलं, काही पडलं नाही, तेच घेतलं. फिकट मोतिया, काही न बोलणारा. मागच्या बाजूला रंग नको, कारण वरचं कापड पातळ असलं की मागचा रंग पिवळ्यातून डोकावतो.

कापण्याआधी सगळं धुतलं. हे टाळू नये. तांबडे आणि नेव्ही वेगवेगळ्या बादल्यांत भिजवले, पिळताना पांढऱ्या हातरुमालात दाबून बघितले. कुंकू स्वच्छ, टोमॅटो स्वच्छ. डाळिंबीने रुमाल गुलाबी केला. परत धुतला, परत गुलाबी. शेजारीण म्हणाली मीठ घाल. मीठ रंगाऱ्याला रंग चढवताना उपयोगी पडतं, चढलेला पण कच्चा रंग त्याने पक्का होत नाही. डाळिंबीच्या ओळीत दोनच चौकोन होते. ते कतरणीतल्या एका मरूनवर भागवले आणि डाळिंबी पायपुसण्याला गेला. पहिल्या धुण्यातच हळदीवर गुलाबी ढग उठले असते, त्यापेक्षा हे बरं.

टाके घालायला जुना बुधवार पेठेतल्या आक्का. हातशिलाईची वाकळ करणाऱ्या अशा बाया आता कमी राहिल्यात. आक्का कडेपासून धावदोरा घालत चौकोनात चौकोन करत मध्यापर्यंत येतात, टाका तांदळाएवढा. त्यांनी जोडून झालेला वरचा भाग बघितला, उलटा करून शिलाया बघितल्या, आतल्या साड्या बोटांनी चाचपल्या. दोऱ्याला मी रंगारंगाप्रमाणे रिळं आणली होती. त्यांनी ती सगळी पिशवीत परत टाकली.

"पांढरा घालतो मी. एका रंगाचा दोरा असला की सगळं एकाजागी बसतंय. न्हाईतर डोळं कुठं कुठं जायाचं?"

मी हो म्हटलं. मनात होतं की पांढरा दोरा नेव्हीवर फार उठून दिसेल, पण इतक्या वाकळा त्यांच्या हाताखालून गेल्यात, त्यांना शिकवणारी मी कोण?

मग त्यांनी विचारलं, उशाकडची बाजू कुठली? कारण तिथे टाका जरा दाट घालतात, तीच बाजू सारखी ओढली जाते. हा विचार मी केलाच नव्हता. मी म्हटलं, आकाशातल्या कमानीत तांबडा बाहेरच्या कडेला, म्हणजे वर असतो, तेव्हा तांबडा कोपरा उशाला. सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "तांबडा उशालाच. कुंकवाच्या रंगाला पाय लावायचा न्हाई."

आक्कांनी तांबड्या कोपऱ्यावर खडूने फुली मारली आणि सुईत दोरा ओवायला घेतला.